कडक स्प्रिंग

काउंटरवर सहा वस्तू होत्या: मुठीत दाबायचे तीन स्प्रिंगवाले हँड ग्रिपर, एक रबरी चेंडू, एक लांब निळा रबरी पट्टा आणि बसल्या जागी मारायचं पायडल. पंचाक्षरींनी पट्टा आणि पायडल बाजूला सारलं, चेंडू एकदा दाबून नाक मुरडलं आणि तिन्ही ग्रिपर स्वतःकडे ओढले.

"काका, घरी जिम करायलाव काय?" नवी पेठेतल्या त्या दुकानाचा मालक श्रीमंत हसला. "ट्रेडमिल दाखवू?"

"मला न्हाय रे. आमच्या मंडळींसाठी. उजव्या अंगाला लकवा मारलाय. पाय सावरला, हात ऱ्हायलाय."

"मग हा हलका न्या की."

पंचाक्षरींनी हलका ग्रिपर अंगठ्याने दाबला. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून त्यांनी जन्मभर माग दुरुस्त केले होते. स्प्रिंग अंगठ्याखाली आली की तिचं उरलेलं आयुष्य त्यांना कळायचं.

"ही मेलेली हाय," ते म्हणाले. "मऊ स्प्रिंग लावली की माग आळशी होतो."

त्यांनी सगळ्यात कडक ग्रिपर घेतला.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट वैष्णवी मॅडमनी असलं काही आणायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, नीलम्माला, अंगठा आणि करंगळी जमतील तेवढी फाकवायला लावून त्यांनी पट्टीने अंतर मोजलं होतं, साडेअकरा सेंटिमीटर, आणि म्हणाल्या होत्या, "रोज तळहात टेबलावर पसरा. त्यावर हळूहळू भार द्या. दोन महिन्यांनी या." टेबलावर हात ठेवायचा, हा कसला व्यायाम? पंचाक्षरींना ते कामगाराला खुर्ची देऊन बसवण्यासारखं वाटलं होतं.

नीलम्माला फक्त भाकरी थापायची होती. अक्कलकोटहून लग्न होऊन आल्यापासून ती कडक भाकऱ्या करून विकत आली होती. कागदासारख्या पातळ, गोल. आता शेजारची दाक्षायणी भाकऱ्या आणून द्यायची. नीलम्मा त्यातली एक उजेडाला धरून बघायची आणि खाली ठेवायची.

पुढच्या खोलीत पंचाक्षरींनी जिम उभी केली. छताच्या कडीला जुनी पुली, तिच्यातून दोर, दोराला वाळूची पिशवी. खाली खुर्ची, आणि खुर्चीच्या हाताला सुतळीने बांधलेला ग्रिपर.

"बाई गं, आता नीलाक्कांशी भांडायची सोय न्हाय," दाक्षायणी दारातूनच म्हणाली.

"भांड की. डावा हात रिकामाच हाय," नीलम्मा म्हणाली.

सुरुवातीला ग्रिपर हलेना. पंचाक्षरी तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबत. "हां, दाब. अजून. स्प्रिंग हरली पायजे."

"साकु री. पुरे आता, दुखायलंय."

"दुखतंय म्हणजे जीव येतोय."

आणि जीव आलाच. एका सकाळी त्यांनी हात बाजूला घेतला, तरी ग्रिपरच्या दांड्या एकमेकींकडे सरकल्या. पंचाक्षरींनी आपला अंगठा तिच्या मुठीत दिला. तिने तो असा आवळला की ते "अगं, सोड सोड!" म्हणून ओरडले. दोघंही हसली. तिचं हसणं थांबलं तरी मूठ सुटली नव्हती. एकेक बोट उचलून त्यांनी अंगठा सोडवून घेतला. तेव्हाही ते हसतच होते.

त्याच दिवशी तिने परात मागितली. ज्वारीचं पीठ डाव्या हाताने मळलं, गोळा केला आणि उजवा हात त्यावर आणला. बोटं उघडेनात. तिने क्षणभर वाट पाहिली, मग मुठीनेच थापलं. भाकरीत पेरांचे चार खड्डे पडले. पंचाक्षरींनी ती तव्यावर टाकली. खड्ड्यांपाशी करपली, बाकी कच्ची राहिली. दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

दोन महिन्यांनी दवाखान्यात पंचाक्षरींनी ग्रिपर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, मूठ बघा तरी. लई जोर आलाय."

वैष्णवी मॅडमनी नीलम्माची बोटं हलकेच सरळ केली. सोडल्याबरोबर ती पुन्हा मिटली. मॅडमनी ग्रिपर उचलला, दाबून पाहिला आणि खाली ठेवला.

"काका, यांना मूठ मिटायला शिकवायचं नव्हतं. लकव्यानंतर हात आपला आपणच मिटत जातो. आपल्याला तो उघडायचा होता." मग त्यांनी विचारलं, "टेबलावर हात पसरत होता ना रोज?"

पंचाक्षरींनी ग्रिपर उचलून परत पिशवीत टाकला.

"मीच नको म्हनले," नीलम्मा म्हणाली. "मीच म्हनले, यंत्र आणा. ह्यांना काय बोलू नका."

पंचाक्षरींनी तिच्याकडे पाहिलं. ती मॅडमकडे बघत होती.

"परत उघडंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"प्रयत्न करू. आधी मोजूया. मागच्या वेळी साडेअकरा होतं."

मॅडमनी पट्टीचं एक टोक अंगठ्याशी लावलं आणि दुसरं पंचाक्षरींना धरायला सांगितलं. नीलम्माने डोळे मिटले. दात आवळून तिने करंगळी बाहेर ढकलली. पंचाक्षरींनी चष्मा वर सारला आणि वाकून आकडा वाचला.

सात सेंटिमीटर.