काका घरात आहेत

“काका, बंदूक राहू द्या, काठीच पुरे!”

रांगेत पुढे उभी असलेली बाई इतक्या मोठ्याने ओरडली की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरची कबुतरे उडाली. मग तिने मागे वळून विचारले, “जमतंय का हो?”

मागे उभ्या असलेल्या ताईने डोक्याचा स्कार्फ कपाळावर आणखी खाली ओढला आणि नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून कुणालाच कळले नसते.

बाईच्या अंगात बस चालवणाऱ्यांचा गणवेश होता. पाळी संपवून ती थेट इथे आली होती. तिच्या पुढे एक निवृत्त गृहस्थ तेच वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत होते. रांग सरकत सरकत आत, थेट रंगमंचापर्यंत गेली होती. तिथे धाकट्याचा मोठा फोटो ठेवला होता. फुले आणू नका, असे त्याच्या बायकोने कळवले होते. प्रत्येकाने फोटोसमोर यायचे आणि त्याचे सगळ्यांत गाजलेले वाक्य म्हणायचे, एवढेच. आतून ते मधूनमधून ऐकू येत होते. कुणी खणखणीत म्हणे, कुणाचा आवाज ‘काका’पाशीच फुटे.

लोकांना हसवणे हा धाकट्याचा धंदा. त्याचे खरे नाव लोक केव्हाच विसरले होते. रंगमंचावर, टीव्हीवर, पोस्टरवर तो नुसता ‘धाकटा’. मागच्या आठवड्यात परगावचा प्रयोग संपवून तो मेकअपच्या खोलीत खुर्चीवर टेकला आणि पुन्हा उठला नाही. आता धाकटा म्हणजे कुणापेक्षा धाकटा, तर ताईपेक्षा. त्याच्या कार्यक्रमातली ती ताई, घरात नसलेल्या काकांना हाका मारणारी, ती या रांगेत उभी होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

ताई पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवत असे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ती खिडकीचे माप घेत होती, तेव्हा पाठीमागे टीव्हीवर भावाचा आवाज आला. कौतुकाने वळून पाहिले, तर तो तिचीच नक्कल करत होता. कमरेवर हात, मान वाकडी, आवाज हुबेहूब तिचा. काकांना हाक मारतोय, काकांवर डाफरतोय, बंदूक खाली ठेवा म्हणून काकांची समजूत घालतोय. सोफ्यावरचे सगळे घर पोट धरून हसत होते. ताईने टेप गुंडाळली आणि चपला पायात सरकवल्या.

“अहो, थांबा ना,” घरातली बाई डोळे पुसत म्हणाली, “पुढे अजून आहे!”

ताई थांबली नाही. खिडकीचे माप अर्धेच राहिले.

मग तिच्या शिलाईच्या दुकानात लोक डोकावू लागले. “काका आहेत का घरात?” असे विचारून पोरेसोरे पळून जात. जी गोष्ट तिने वडिलांनाही कधी सांगितली नव्हती, ती भावाने वेशीवर टांगली होती. तो भेटायला आला, तेव्हा तिने आतून “कोण?” विचारले. “मी, धाकटा,” असे उत्तर आले, आणि तिने दार उघडले नाही. तो बराच वेळ उभा होता. तिने शिलाई मशीन सुरू केले, म्हणजे त्याची जाणारी पावले ऐकू यायला नकोत. त्यानंतर फोन तेवढे येत राहिले. “बरी आहेस?” “बरी आहे.” दोघांचे बोलणे त्यापुढे कधी सरकले नाही.

“तुम्ही पण म्हणून बघा की,” बसवाली म्हणाली. “आयत्या वेळी घशात अडकतं. मघाशी एक जण आत जाऊन नुसताच रडून आला.”

“मला नाही येत.”

“सगळ्यांना येतं! गावाकडे माझ्या सासूला तोंडात एकही दात नाही, तीसुद्धा म्हणते. ‘काठी’ची ‘काथी’ होते, पण म्हणते.”

आणि तिने पुन्हा एकदा आरोळी ठोकली. ताईला राहवले नाही.

“किंचाळू नका.”

“म्हणजे?”

“किंचाळलं की बाहेरच्याला कळतं, आत कुणी नाही. काका शेजारच्या खोलीत आहेत ना? मग साधं म्हणायचं. थोडं वैतागून. घरातल्या माणसावर वैतागतो ना आपण, तसं.”

आणि समोरच्या पाठीकडे बघत, ओठही फारसे न हलवता, ताईने ते वाक्य म्हटले.

निवृत्त गृहस्थ चटकन मागे वळले. बसवालीने दंडावरून हात फिरवला. तिथे काटा आला होता.

“बाई गं! किती प्रयोग पाहिलेत तुम्ही?”

“एकही नाही.”

“चेष्टा करता गरिबाची.” बसवाली हसली. रांग दोन पावले सरकली, तशी तिने आवाज खाली आणला. “खरं सांगू का? मला त्याचं हसू नंतर यायला लागलं. आधी मी ते वापरलं.”

“काय वापरलं?”

“काका. नवरा गेल्यावर मी आणि मुलगी, दोघीच राहिलो. तळमजल्यावरची खोली. अंधार पडला की कुणीतरी कडी वाजवून जायचं. आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसायचो. मग ह्याचं ते टीव्हीवर पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कडी वाजली तशी मी सुरू झाले. बंदूकबिंदूक सगळं. पुन्हा नाही कुणी आलं.” तिने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. “आमच्या डेपोत तिघीचौघींकडे आहेत काका. एकीने तर त्यांच्यासाठी दोरीवर मोठी पँट वाळत घातलीय.”

“बूट,” ताई म्हणाली.

“काय?”

“पँट रोज तीच दिसली की लोकांना संशय येतो. दाराबाहेर मोठे बूट ठेवावेत. आणि अधूनमधून जागा बदलावी त्यांची.”

बसवालीने तिच्याकडे नीट पाहिले. “तुमच्याकडेही होते वाटतं काका.”

“होते.”

“मग तुम्हाला कळेल. मी तर त्याच्यासाठी कमी आणि त्या ताईसाठी जास्त आलेय. शाळेतली पोर होती म्हणे. आणि हे सुचलं! केवढी धीराची असेल.”

ताई स्कार्फची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिली.

आई नव्हती. वडील मालाच्या ट्रकवर, गेले की आठ-आठ दिवस तिकडेच. लाकडाच्या वखारीमागचे घर, त्यापलीकडे घर नाही. दारावर थाप पडली की ती धाकट्याला पलंगाखाली ढकली, दाराला पाठ लावून खाली बसे आणि काकांना हाक मारी. आवाज मोठा ठसक्यात निघे. पाय मात्र असे लटलटत की टाचा फरशीवर वाजत. म्हणून ती पाय पोटाशी घेई, फ्रॉकखाली झाकी आणि गुडघ्यांना दोन्ही हातांची घट्ट मिठी घाली. पलंगाखालून दोन डोळे तिच्याकडे टक लावून बघत असत. त्या डोळ्यांना ती डोळा मिचकावून दाखवी, जणू काही हा खेळच चालला आहे.

रांग आत आली. रंगमंचावर फोटोच्या एका बाजूला धाकट्याची बायको बसली होती. निवृत्त गृहस्थ पुढे झाले, टाचा जुळवून उभे राहिले आणि वर्गात हजेरी द्यावी तसे वाक्य म्हणून खाली उतरले. मग बसवाली गेली. ती ओरडली नाही. तिने थोडे वैतागून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटले. सभागृहात हलकेच हसू उमटले आणि ती डोळे पुसत खाली आली.

ताई फोटोसमोर उभी राहिली. धाकट्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते, हे तिला माहीत नव्हते. तिने तोंड उघडले, पण आवाज निघाला नाही.

“म्हणा,” कडेला उभा असलेला संयोजक हळूच म्हणाला. “घाई नाही.”

तेवढ्यात वहिनी खुर्चीवरून उठली. जवळ येऊन तिने स्कार्फखाली निरखून पाहिले.

“ताई? तुम्ही रांगेत कशाला उभ्या राहिलात? मी गाडी पाठवली असती.”

“रांगेत बरं होतं गं.”

वहिनीने तिचा हात धरला. मागची रांग मुकाट थांबून राहिली.

“प्रत्येक प्रयोगानंतर हे विचारायचे,” वहिनी शेवटी म्हणाली. “‘ताईने कधीतरी शेवट पाहिला असेल का?’ मी म्हणायचे, तुम्हीच विचारा की फोनवर. तर हे म्हणायचे, फोनवर नको.”

“नाही पाहिला.”

“आता तो प्रयोग पडद्यावर लावणार आहोत. बसा ना माझ्याजवळ.”

“मी खाली बसते. सगळ्यांत.”

बसवालीने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. “ओळखीच्या आहेत का त्या?” तिने विचारले. “हो, घरच्यासारख्या,” एवढे ताई म्हणाली, आणि दिवे मंदावले.

पडद्यावर धाकटा आला. पहिल्या हाकेलाच टाळ्या पडल्या. लोक हसत होते, हसता हसता नाक ओढत होते, पुढचे वाक्य त्याच्या आधीच म्हणत होते. ताई हात मांडीवर ठेवून बघत होती. कमरेवर हात, वाकडी मान. गिऱ्हाइकाकडे खिडकीपाशी तिने जिथवर पाहिले होते, तिथवर प्रयोग आला आणि पुढे गेला.

मग धाकट्याने एक स्टूल ओढले, त्यावर बसला आणि घाम पुसला.

“मी त्या काकांना जाम घाबरायचो,” तो आपल्या साध्या आवाजात म्हणाला. “मागच्या खोलीत एकटा पाऊल टाकायचो नाही. मग एक दिवस धीर करून गेलो. खोलीत कोण? एक पिंप आणि एक मोडकी सायकल.”

लोक खदखदून हसले. त्याने त्यांना हसू दिले.

“म्हणजे एवढी वर्षं घरात होतं कोण? ताई. काका तीच. काठी तीच. बंदूक तीच.” तो स्टुलावर पुढे सरकला. “मी पलंगाखालून बघत असायचो. दार हादरायचं, कडी खुळखुळायची. पण एक सांगतो. माझी ताई आयुष्यात एकदासुद्धा घाबरली नाही.”

सभागृह चिडीचूप झाले. बसवालीने रुमाल डोळ्यांना लावला.

त्या शांततेत ताईला हसू फुटले. आधी नुसते नाकातून, मग आवरेना म्हणून मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून मागे वळल्या. निवृत्त गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. ताईने दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी तिचे खांदे गदगदतच राहिले आणि डोळ्यांतून पाणी बोटांवर उतरत राहिले.

बसवाली तिच्या कानाशी वाकली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “इथे हसायचं नसतं.”