एक पेशी की दोन

दिव्यानीनं लॅपटॉपवरचा आलेख पुन्हा मोठा करून पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. गावच्या घरी दुपारची लाईट गेलेली, बॅटरी उतरत चाललेली. आणि जिच्या भरवशावर तिनं पीएचडीचा प्रबंध उभा केला होता, ती चेतापेशी एक नव्हतीच.

मागूर माशाला पाण्यातली हालचाल कशी कळते, हा तिचा विषय. मूल शहराजवळच्या तिच्या गावचे मासे बाबाच, म्हणजे मुखरू, तलावातून धरून देत. चंद्रपूरच्या कॉलेजात ती माशाच्या चेतातंतूला बारीक तार लावून विजेची स्पंदनं टिपायची. एका तारेत कितीतरी पेशींची स्पंदनं मिसळून येत. संगणक आकार पाहून त्यांचे वेगवेगळे ढीग करायचा, एका पेशीचा एक ढीग. त्यातच तिला ही पेशी सापडली होती: हालचाल जवळची असो की लांबची, दोन्हींना प्रतिसाद देणारी, आधी कुणालाच न सापडलेली. सगळ्यांनी पाठ थोपटली होती.

पण एक स्पंदन दिलं की पेशीला क्षणभर थांबावंच लागतं. हिची स्पंदनं मात्र एकमेकांच्या अंगावर पडत होती. म्हणजे सारख्या आकाराच्या दोन पेशी संगणकानं एकाच ढिगात घातल्या होत्या. तिनं दुसरी पद्धत लावली, तिसरी लावली. ढीग फुटला. एक पेशी जवळची, एक लांबची. त्यात नवं काहीच नव्हतं.

तिनं मार्गदर्शक राजदीप सरांना फोन लावला. जवळजवळ पडणारी स्पंदनं गाळून टाक, इतकं बारीक कोणी पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मला दिसलं ना सर," ती म्हणाली. "आता गाळू कशी?"

तुझं तू बघ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आई, गोकुळा, जेवायला हाका मारून थकली होती. दिव्यानी उठली ती थेट अंगणात जाळं विणत बसलेल्या बाबांकडे.

"बाबा, अजून मागूर पायजे. पुन्हा करा लागते सारं."

"आता कुठी भेटन? तलाव आटला. पाणी आल्याबिगर काई नाई."

ती बाबांवरच चिडली, तलाव त्यांनीच आटवल्यासारखी. बाबा जाळ्याची पुढची गाठ मारू लागले. मग तिला स्वतःचीच चीड आली.

लाईट आल्यावर तिनं सरांना मेल केली, की हा निष्कर्ष मागे घेते. उत्तर आलं नाही. मासे नाहीत तर जुन्या नोंदी तरी तपासाव्यात म्हणून तिनं पहिल्या प्रयोगाची फाइल उघडली आणि तीच पद्धत लावली. त्यातही, आजवर एकच मानलेल्या आणखी एका पेशीचा ढीग फुटला.