सही तेवढी सरांची

मित्रांनो, माझं झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते आणि बॅटरी घटकाभरही तग धरत नाही, असा मी एक जुना लॅपटॉप आहे. कुठल्याशा परक्या कारखान्यात घडलो, चार वर्षं एका कचेरीत राबलो आणि टाकाऊ ठरून आंबिवलीच्या चाळीत, दर्शनाच्या घरी आलो. तिने मला मऊ फडक्याने पुसलं. मायेने पुसलेलं यंत्रालाही कळतं.

दर्शना केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. झालेली. भाजलेल्या मातीच्या चकतीतून कारखान्याचं घाण पाणी गाळायचं, हे तिचं संशोधन. कॉलेजात भट्टी नव्हती, म्हणून पडक्या विटा जमवून तिने स्वतः बांधली. मळे माती, तडके चकती. तडके चकती, मळे माती. त्रेचाळिसावी चकती टिकली. प्रत्येकीची नोंद माझ्यात आहे.

पीएच.डी.साठी तिने एकतीस प्राध्यापकांना मेल केले. एकाच बाईंचं उत्तर आलं, जर्मनीहून. मुलाखतही झाली. आता एम.टेक.च्या मार्गदर्शक सरांचं शिफारसपत्र तेवढं हवं होतं. घरात ठरलेलं, ही जागा हुकली तर घोडबंदर रोडच्या कंपनीत नोकरी.

तिने सुधीर सरांना फोन लावला.

“अगं, तूच लिही ना. मी सही करतो. सगळे तसंच करतात.”

“सर, माझं मीच कसं लिहू?”

“चांगलं लिही म्हणजे झालं. दुपारपर्यंत पाठव, मला मीटिंग आहे.”

तिचे वडील, आबा, चहा घेऊन आलेले. “म्हणजे पेपर तूच लिहायचा, तपासायचाही तूच? मग सर काय नुसते सहीला ठेवलेत?”

“हसवू नका ओ आबा.”

तिने लिहिलं, ‘हिने स्वतः भट्टी बांधली. बेचाळीस वेळा फसूनही हटली नाही.’ मग थांबली. “सरांना वाटेल, पोरगी शेफारली.” तिने ते पुसलं. मी अक्षरं दिली, मीच परत घेतली. मला कुठे बोलता येतं. उरलं ते एवढंच, ‘दर्शना नियमित, शांत आणि आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे.’ सरांनी न वाचताच सही केली.

तीन आठवड्यांनी जर्मनीच्या बाईंनी कळवलं, ‘मुलाखतीत तुम्ही आवडलात. पण समितीने पत्र पाहून जागा दुसऱ्याला दिली. तुमच्या सरांनी तुमच्या कामाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.’

“काय गं, आलं?” आबांनी विचारलं.

“आलं.”

आबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

आता ती घोडबंदरला जाते. तिथे तिला दुसरा संगणक आहे, मी फळीवर धूळ खातो. परवा एका दाखल्यासाठी तिने मला उघडलं, तेवढ्यात सरांचा फोन आला. “पुढच्या वर्षी परत अर्ज भर गं. ते पत्र आहे ना, तेच चालेल. नुसती तारीख बदल.”

“हो सर,” ती म्हणाली. आणि तिने मला मिटलं.

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या. तुमच्यातलं कुणी उद्या सर होईल, मॅडम होईल. तेव्हा मुलांचं पत्र स्वतः बसून लिहा, त्यांचं काम आठवून लिहा. दहा ओळीच असतात त्या. पण कुणाचं तरी जाणं त्यांच्यापाशी अडलेलं असतं.