केतकीचे अभ्यंग

आश्विन सरत आला होता. खाडीवर धुक्याचे धवल, धूसर पडदे हलत होते. कापणी झालेल्या मळ्यांतून ओल्या पेंढ्याचा गंध वर येत होता. आणि पूर्वेला, माडांच्या काळ्या झावळ्यांमागे, कृष्ण चतुर्दशीची कृश कोर नुकतीच उगवली होती. ओटीओटीवर आकाशकंदील, अंगणाअंगणात पणत्या. साऱ्या गावाला उटण्याचा वास येत होता.

खाडीकाठच्या शेवटच्या घरात कुमुदिनी राहत असे. एकटी, अविवाहित, शिवणयंत्राच्या चाकावर आपला चिमुकला संसार फिरवणारी. तिचा थोरला भाऊ भालचंद्र दिवाळीसाठी बेळगावहून आला होता. आणि तिसरा जीव होता केतकीचा. शेजारच्या गोठ्यातून नुकतेच आणलेले, केवड्याच्या पातीसारखे फिकट पिवळे, मूठभर मांजराचे पिल्लू.

यंत्र चालू असले की केतकी चिंध्यांच्या टोपलीत निजे. यंत्र थांबले की जागी होई, कुमुदिनीची बोटे चाटी आणि त्याच हातावर गाल टेकून पुन्हा निजे. भाऊ होता, पण त्याला त्याचे घर होते. गाव होते, पण ते गाव होते. केवळ आपले म्हणावे असे तिला आजवर काही लाभले नव्हते. आता लाभले होते, आणि ते तिच्या तळहाताची ऊब ओळखत होते.

चतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो, असे सांगतात. भालचंद्र न्हाऊन आला, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडले, गोविंदा गोविंदा म्हटले, त्या कडू बियांचे बोट जिभेला लावून तोंड वाकडे केले. मग त्याची नजर टोपलीकडे गेली. जन्मभर बहिणीची थट्टा करण्यातच त्याची माया खर्च झाली होती.

“गो कुमू, ह्या पिलाक न्हाणलंस? नायतर नरकात जातला हां!”

थट्टाच ती. पण प्रेम करणारे माणूस थट्टेलाही भिते. घरातले सगळ्यात नवे माणूस, आणि तेच बिनन्हाणाचे राहणार? कुमुदिनीने तेल कोमट केले. वाटीत उटणे कालवले. कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन: सुगंधांचा सारा दरबार त्या वाटीत उतरला. जगातल्या कुठल्याही मांजराने हा मान मागितला नव्हता, हे तिला कोण सांगणार?

न्हाणीत चुलाणाचा तांबूस उजेड होता. पहिला तांब्या पडला तेव्हा केतकी किंचाळली. दुसरा पडला तेव्हा ती निम्मी झाली; एवढासा ओला देह, एवढाले डोळे. “झाला गो, झाला माझ्या बाय,” कुमुदिनी पुटपुटत होती. आणि नेमके तेव्हाच, घरात कुणी न्हात असताना फटाका लावायचा असतो म्हणून, भालचंद्राने न्हाणीच्या दारात लवंगीची माळ पेटवली.

तडतड, तडतड, तडतड. धूर, ठिणग्या, धूर. केतकी निसटेल, तापल्या चुलाणावर पडेल, या भयाने कुमुदिनीने तिला घट्ट धरले. जितकी ती सुटू पाहत होती, तितके घट्ट. माळ संपली तेव्हा कुमुदिनीच्या मनगटावर ओरखड्यांच्या रेघा उमटल्या होत्या आणि केतकी माळ्यावरच्या अंधारात गडप झाली होती.

केतकीने भालचंद्राला पाहिले नव्हते. माळ कुणी लावली, का लावली, तिला ठाऊक नव्हते. तिने पाहिले होते ते फक्त हात. पाण्यात दाबणारे हात, आगीच्या आवाजात न सोडणारे हात. त्या इवल्या हृदयात त्या दोन हातांविरुद्ध खटला उभा राहिला, आणि निकालही तिथेच लागला.

मग सुरू झाले सूडपर्व. सुडाला वय नसते, सुडाला वजन नसते. मूठभर देहातही तो मावतो आणि वर शेपटी फुलवून बसतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केतकीने रेशमी दोऱ्याची रिळे सोडून साऱ्या घरभर एक सप्तरंगी जाळे विणले. पाडव्याच्या पहाटे कुमुदिनीच्या उशीवर, अगदी मधोमध, करायचे ते केले. बोलावले की कान मागे. दुधाची वाटी पुढे केली की ती वाटीकडे पाहीच ना, वाटी धरणाऱ्या हाताकडे पाही. सायही ठेवली, भाताची मऊ शितेही ठेवली. हात मागे घेतल्याशिवाय केतकी पुढे येत नसे.

आणि एवढे कमी होते म्हणून की काय, ती जाऊन बसली कुणाच्या मांडीवर? भालचंद्राच्या! ज्याने माळ लावली त्याच्या. तो ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसे आणि त्याच्या लुंगीच्या झोळीत ते पिवळे पाप घुरघुरत निजे.

कुमुदिनीच्या काळजाला इंगळ्या डसल्या. करून गेला गाव आणि भोगतोय कोण! अपराध्याला मांडी भरून माया आणि माया करणारीला वनवास. तिने भावाशी बोलणे सोडले. त्याच्या चहातली साखर गेली. त्याच्या ताटात डब्याच्या तळच्या करपलेल्या चकल्या पडू लागल्या. तो बिचारा मुकाट्याने त्या कुडूमकुडूम खाई आणि एकेक तुकडा केतकीपुढे धरी, आणि ती कुडूमकुडूम ऐकताना कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

पाडव्याच्या संध्याकाळी तो झाकणाची टोपली शोधून घेऊन आला.

“ह्याका मी न्हेतंय माझ्या वांगडा,” तो म्हणाला. “ता माका सोडना नाय. आणि तुका तरी खय होया? तुझ्याकडे येना नाय ता.”

त्यात दुष्टावा नव्हता. बहिणीची अडचण दूर करतो आहोत, असेच त्याला वाटत होते. कुमुदिनीने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. “ने,” ती म्हणाली.

आणि त्या एका अक्षरामागे तिने आपला सूड रचला. उद्या भाऊबीज. हा माणूस दरवर्षी घाट उतरून येतो तो एका टिळ्यासाठी. घरी बायको आहे, मुले आहेत, पण ओवाळणारी बहीण एकच. उद्या पाट मांडलेला असेल, तो टोपी घालून बसलेला असेल, आणि निरांजन लागणार नाही. कोऱ्या कपाळाने, कोऱ्या कपाळाने घाट चढू दे त्याला. तिला बरे वाटले. इतके बरे वाटले की रडू आले.

भाऊबीजेची सकाळ सोनपिवळी उगवली. धुके विरले, खाडी आरशासारखी झाली, बगळ्यांची एक पांढरी रांग पाण्यावरून संथ उडत गेली. भालचंद्राने स्वतःच पाट मांडला, टोपी घातली आणि पूर्वेकडे तोंड करून बसला. पाटाशेजारी टोपली होती. टोपलीशेजारी केतकी होती.

कुमुदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. तबक फडताळात होते, तिने ते काढले नाही. ती मागच्या दारी गेली, विळीवर बसली आणि बांगडे साफ करू लागली. बांगडे केतकीसाठी, शेवटच्या जेवणाचे. भावाच्या वाट्याला आज वरणभात. खवले उडत होते, रुपेरी, ओले, चमचमते. हात मनगटापर्यंत माशांच्या वासाने माखले. दिवाळीभर रोज चोळलेल्या उटण्याचा चंदनी दर्प हळूहळू मागे सरला.

पायरीवर काहीतरी हलले.

केतकी उंबऱ्यात उभी होती. नाक वर, मिशा पुढे, एक पंजा अधांतरी. कुमुदिनीने या वेळी तिला बोलावले नाही. विळी आडवी केली, उजवा हात जमिनीवर उताणा ठेवला आणि दुसरीकडे पाहत राहिली. जायचे असेल तर जा. फक्त जाण्याआधी एकदा जवळ ये, एवढेच तिच्या मनात होते.

केतकी आली. बांगड्याला वळसा घालून आली. हाताला हुंगले. तळहात हुंगला, मनगट हुंगले, ओरखड्यांच्या खपल्या हुंगल्या. चंदनाखाली दडलेला तो जुना हात तिला सापडला, चुलीचा, माशांचा, तिच्या झोपेचा. आणि तो सापडताच तिने करंगळीशेजारचे बोट तोंडात धरले आणि कचकन दात रोवले.

भूक नव्हती ती. भुकेला मासा शेजारी पडला होता. तो हिशेब होता, साऱ्या दिवाळीभर सांभाळून ठेवलेला, तांब्यातांब्याचा, ठिणगीठिणगीचा. कळ खांद्यापर्यंत गेली. कुमुदिनीने हात मागे घेतला नाही. घे, ती मनात म्हणाली, सगळे घे, काही ठेवू नकोस.

केतकीने सगळे घेतले. मग दात सोडले, डोळे मिटले आणि ज्या बोटाला चावली त्याच बोटावर खरखरीत जीभ फिरवली. एकदा, दोनदा, पुन्हा. आणि त्या हातावर गाल टेकून पसरली.

उन्हाचा एक कवडसा दोघींवर सरकत आला. कुमुदिनी रडत होती आणि हसत होती. एवढ्याशा जिवाला जमले ते. चावली, आणि संपवले. आपण मात्र जन्मभर पुरेल एवढा राग कढईत घालून परतत बसलो होतो, आणि तो तिकडे ओटीवर कपाळ पुढे करून बसला आहे.

तिने हात धुतले. तबक काढले, निरांजन लावले. केतकी तिच्या निऱ्यांत पाय गुंतवत ओटीपर्यंत मागे मागे आली आणि टोपलीकडे न पाहता तिच्या पावलांवर बसली. भालचंद्राने ते पाहिले आणि पायाने टोपली हळूच भिंतीकडे सरकवली.

कुमुदिनीने केतकी चावलेल्या त्याच बोटाने कुंकू घेतले आणि त्याच्या कपाळावर दाबले. अंमळ जोरातच. नखही लागले असेल.

“अगो, हळू! कपाळ फोडतंस काय?”

“गप रव,” ती म्हणाली. “हलू नको.”

बोटातून वर आलेला थेंब कुंकवात मिसळला. निरांजन फिरत राहिले, मंद, मधुर, मंडलाकार; आणि ज्योतीच्या उजेडात भावाच्या कपाळावर दोन ओले लाल रंग होते, एक कुंकवाचा, एक रक्ताचा, आणि दोन्हींचा मिळून एकच टिळा.