यशयातलं घर

"मग दार कुठल्या बाजूला असेल त्या घराला?" व्हर्लिन स्ट्राउडनं विचारलं.

चर्चच्या तळघरात रविवारच्या बायबलच्या वर्गाला अकरा माणसं होती. त्यातली दोन-तीन हसली. व्हर्लिन वर्गात कधी तोंड उघडत नसे, त्यामुळे म्हातारा गंमत करतोय असंच त्यांना वाटलं.

पास्टर डेरिक टॅली मात्र हसला नाही. तो एकतीस वर्षांचा होता आणि या चर्चच्या मंडळीत येऊन त्याला आठ महिने झाले होते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पासष्टाव्या अध्यायावर तो बोलत होता. नव्या पृथ्वीवर लोक घरं बांधतील आणि स्वतःच त्यांत राहतील, एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं असं तिथं चालणार नाही, असं संदेष्टा सांगतो. टॅलीच्या मते हे लाक्षणिक होतं. घर म्हणजे देवाजवळची निश्चिंती. लाकूड-खिळ्यांचं घर नव्हे.

"दाराचं म्हणाल तर," तो म्हणाला, "ज्याला दार लागेल असं ते घरच नाही, ब्रदर व्हर्लिन. ती प्रतिमा आहे."

"बिनदाराचं घर मी कधी बांधलं नाही," व्हर्लिन म्हणाला. "कोणी सांगितलंही नाही बांधायला."

त्यानं कॉफीचा कप खुर्चीखाली ठेवला, टोपी उचलली आणि जिना चढून निघून गेला. त्याची बायको ओपल शेजारीच बसली होती. तिनं हातातला डोनट संपवला, दोघांचे कप टोपलीत टाकले आणि मग उठली. तो ट्रकमध्ये बसून वाट बघत असणार, हे तिला माहीत होतं.

व्हर्लिन सुतार. अमेरिकेतल्या मिसुरीच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात शेहेचाळीस वर्षं त्यानं घरांचे सांगाडे उभे केले. तळ्याकाठची सुटीची घरं, डॉक्टरांची घरं, घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचा चौदा खोल्यांचा बंगला. पास्टर राहायचा ते चर्चचं घरसुद्धा त्याच्याच हातचं. स्वतःसाठी त्यानं एकदा चार एकरांच्या तुकड्यावर पाया घातला होता. त्याच वर्षी ओपलचं मोठं आजारपण निघालं आणि जमीन पायासकट विकावी लागली. तेव्हा तात्पुरता म्हणून एक ट्रेलर घेतला, चाकांवरून ओढून आणलेलं लांबट पत्र्याचं घर. त्यात राहायला लागून आता अडतीस वर्षं झाली होती.

जमीन गेली त्या हिवाळ्यात जुने पास्टर हॉब्सन यांनी हा अध्याय वाचला होता. "देवाला दुसरं काही म्हणायचं असतं, तर त्यानं दुसरं म्हटलं असतं," एवढंच त्यांचं शास्त्र. व्हर्लिननं ते मनावर घेतलं. प्रभूच्या राज्यात आपण घर बांधणार हे त्याच्या लेखी पक्कं होतं, पुढच्या मंगळवारचं काम पक्कं असावं तसं. म्हणून तो नकाशे काढू लागला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, पेन्सिलीनं, मापांसकट. दर वर्षी काही ना काही सुधारायचा. जिन्याला वळण आलं, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला गेली. मूल काही झालं नाही, पण दक्षिणेकडची छोटी खोली त्यानं कधी खोडली नाही.

त्यानंतरचे दोन रविवार व्हर्लिन चर्चला गेला नाही. गुरुवारी दुपारी टॅलीच ट्रेलरवर आला. दाराशी पायऱ्या म्हणून सिमेंटचे ठोकळे रचलेले होते. वरचा ठोकळा डुगडुगला, टॅलीचा तोल गेला आणि ओपलनं दंड धरून त्याला आत ओढलं.

"सगळ्यांचंच होतं असं," ती म्हणाली. "सवय होईल."

तिनं त्याच्यापुढे बीन्स आणि मक्याचा पाव ठेवला. टॅलीनं मान खाली घालून प्रार्थना केली आणि म्हणाला, "मी तुम्हाला दुखावलं असेन तर माफ करा. पण मला जे खरं वाटतं तेच मी शिकवणार ना?"

"शिकवा की. तुम्हाला सोपंय ते. मी बांधलेल्या घरात राहताय तुम्ही."

"ते घर माझं कुठलं? मंडळीनं जा म्हटलं की बायको-मुलीला घेऊन निघायचं. सहा वर्षांतलं तिसरं घर आहे हे."

व्हर्लिनला हे सुचलंच नव्हतं.

"वरच्या मजल्यावरची खिडकी अजून अडकते का?"

"अडकते."

"लाकूड ओलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

ओपल उठली, आतून कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. "दाखव त्यांना."

टॅलीनं एकेक कागद उलगडून पाहिला. पाहताना त्याचं जेवण निवलं. "फार सुरेख आहे हो," शेवटी तो म्हणाला. "स्वयंपाकघर तर अगदी ओपलबाईंच्या मनासारखं असणार."

"मला कधी विचारलंय?" ओपल म्हणाली.

व्हर्लिननं वर पाहिलं.

"तुमचं ते शब्दशः आणि लाक्षणिक मला नाही कळत, पास्टर," ती बोलत होती टॅलीशी, पण बघत होती नवऱ्याकडे. "मला एवढं कळतं, की हा अडतीस वर्षं त्या घरात राहतोय. इथं मी एकटीच राहते. पाऊस लागला की दार फुगतं. ते मी खांदा लावून उघडते. नवरा सुतार असून."

टॅलीनं उगाच काट्यानं बीन्स हलवले. व्हर्लिननं कागद गोळा केले, पण ते गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

शुक्रवारी सकाळी तो लाकडाच्या गिरणीवर जाऊन सीडरच्या फळ्या घेऊन आला. आधी त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवून खालून रंध्यानं तासलं. मग ठोकळे हलवून खांबांसाठी खड्डे खणायला घेतले. काय करतोय हे त्यानं सांगितलं नाही आणि ओपलनंही विचारलं नाही. सत्तरीतले गुडघे, दर खड्ड्यानंतर तो बादली पालथी घालून बसायचा.

रविवारी दोघं वर्गाला गेली. टॅली पुढच्या अध्यायावर पोचला होता. सुरुवातीलाच व्हर्लिन हात वर करून उभा राहिला.

"माझं मत बदललेलं नाही. घर म्हणजे घरच."

"माझंही बदललेलं नाही," टॅली म्हणाला.

"ठीक आहे," व्हर्लिन म्हणाला आणि बसला.

सोमवारी दुपारपर्यंत दारापुढच्या ओसरीची जमीन ठोकून झाली. व्हर्लिन कठड्याची फळी उचलून खांबाशी धरत होता, तेवढ्यात ओपल स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन बाहेर आली. नव्या फळ्यांवर मधोमध ती ठेवून बसली.

"इतका उंच नको. बसल्यावर मला रस्ता दिसला पाहिजे."

"किती ठेवू?"

तिनं समोर हात धरला. व्हर्लिन खाली बसला आणि तिच्या तळहाताच्या रेषेत खांबावर खूण करू लागला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"तू कर तुझं. मी कुठं जात नाहीये."