आटत्या म्हशीचं दूध

“महिन्याभरात रंजिताताईंनी कच्चं दूध घेतलं होतं का, मावशी? फ्रीजमधलं?”

शहाद्याच्या दवाखान्यात लॅब सांभाळणारा अकील एरवी अहिराणीतच बोलायचा. वाईट सांगायचं असलं की पुस्तकी मराठीत शिरायचा. रंजिताचं सात महिन्यांचं बाळ पोटातच जाऊन दोन दिवस झाले होते.

“घेतलं व्हतं,” रंजिताची आई कौसाबाई म्हणाल्या. “पन फ्रीजमा जंतू मरतस ना, भाऊ?”

“बाकीचे गारठतात. ताईंच्या रक्तात सापडलेला हा जंतू थोडा थांबतो, मग थंडीत चालणारी वेगळी प्रथिनं बनवतो आणि वाढत राहतो. आजार करायला सांगणारा त्याच्या आतला निरोप तेवढा मुडपून ठेवतो. माणसाच्या अंगाची ऊब लागली की तो निरोप उलगडतो.”

“वास तं ऊना नही त्याले.”

“येत नाही, मावशी.”

ब्राह्मणपुरीत घरची म्हैस आटत आली होती आणि रंजिता माहेरी यायला आठ दिवस होते. पहिलटकरणीला कच्च्या दुधानं बळ येतं, उकळलं की कस जातो, असं कौसाबाईंच्या आईचं सांगणं. फ्रीज आल्यापासून थंडीवर त्यांचा देवाइतका विश्वास. रोजची तांब्याभर धार त्यांनी तशीच आत साठवली. नवऱ्याला, दोधूअप्पांना, आठ दिवस काळा चहा पाजला.

“दूध शिल्लक आहे?”

“भांडं बी घासाई गयं.”

“मग तो दुधातूनच आला, हे सिद्ध होणार नाही. तुम्ही सांगाल तेवढंच.”

वॉर्डच्या दारातच कौसाबाईंना विहीणबाईंचा आवाज आला. “सातवा महिनामा सारंगखेडानी जत्रामा घोडा दखाले कोन जास? फिटनी ना हौस!”

रंजिता खाटेवर मान खाली घालून ऐकत होती. तिलाही ते पटलं होतं. सकाळीच म्हणाली होती, “माय, मी जत्रामा गयी नसती तं...”

गप्प राहिलं तर पोर हे जन्मभर ऐकणार. बोललं तर पुन्हा माहेरी येईल की नाही, कोण जाणे.

“इहीनबाई, तिले बोलू नका,” कौसाबाई म्हणाल्या. “आठ दिवसनं कच्चं दूध मीच पाजं. ती नको म्हने, तरी पाजं.”

रंजितानं वर पाहिलं नाही. तिच्या झंपरवर दुधाचे ओले डाग पसरत होते. तिनं उशाजवळचं फडकं छातीभोवती घट्ट ओढलं, पण मागे गाठ बसेना. बराच वेळ झटली.

मग आईकडे पाठ केली आणि फडक्याची दोन्ही टोकं मागे तिच्यापुढे धरली.