आपोआप

धाकटा सुट्टी काढून आला तो जुना कॉम्प्युटर काखोटीला मारूनच. सिमेंटच्या कारखान्यात बाबांच्या फुप्फुसांची केव्हाच चाळण झाली होती. आता ऑक्सिजनचं यंत्र होतं म्हणून ते होते, आणि ताई त्यांच्या उशाशी खिळलेली. शिवणकामाच्या दुकानातली तिची नोकरी आज जाते की उद्या, अशी गत.

"तू खुशाल कामावर जा," धाकटा म्हणाला. "बाबांच्या बोटाला हा चिमटा. ऑक्सिजन कमी झाला की कॉम्प्युटर तुझा फोन वाजवेल."

"आणि वीज गेली तर?"

"आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू, आणि फोन वाजवणारी माझी स्क्रिप्टही. लिनक्स आहे ताई, ऐरंगैरं काही नाही."

लिनक्स कशाशी खातात हे ताईला ठाऊक नव्हतं, पण भावाच्या हुशारीवर तिचा भारी विश्वास. तरी म्हणाली, "दाखव." त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पासवर्ड टाकला, चिमटा काढला. फोन खणखणला.

"पोराने मला मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही," म्हणून बाबा हसले.

परत गेल्यावरही धाकटा बेफिकीर नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी तिकडून इंटरनेटवरून, पासवर्ड टाकून तो त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, स्क्रिप्ट चालू दिसली की निर्धास्त जेवायला बसायचा.

मग एका दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. कॉम्प्युटर उठला. ऑक्सिजनचं यंत्र मात्र बटण दाबल्याशिवाय उठणाऱ्यातलं नव्हतं. दुकानात ताई काजं करत होती, फोन डोळ्यांसमोर. तो वाजलाच नाही. ती घरी आली तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते आणि सगळं संपलं होतं.

तेव्हापासून तिचा एकच धोशा. "मीच भलतंसलतं दाबून फोन मुका केला असणार. मीच मारलं त्यांना." नातेवाईक समजूत घालत, पण मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं.

बाबांना पोचवून आल्यावर धाकटा कॉम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर पासवर्डची चौकट, वीज आल्यापासून तशीच थांबलेली. त्याने पासवर्ड टाकला.

स्वयंपाकघरात फोन खणखणला. ताई हातातलं भांडं टाकून बाबांच्या खोलीकडे धावली आणि रिकाम्या पलंगाशी थबकली.

धाकट्याने स्क्रिप्ट उघडून पाहिली. कॉम्प्युटर सुरू झाला की ती चालवणारी ओळ त्याने, माणूस पासवर्ड टाकून आत आला की चालायच्या जागी लिहिली होती. रोज तपासायला येऊन तोच ती सुरू करत होता. एवढा शिकलेला, पण आपण नसताना काय होतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

ताई फोन घेऊन दारात आली. "हा तर वाजतोय. मग त्या दिवशी?"

फोन मधूनच बिघडतो म्हटलं असतं तरी खपलं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"मी आत शिरल्याशिवाय ते सुरूच होत नव्हतं, ताई. फोनचा दोष नाही. तुझाही नाही."

फोन वाजतच होता. "बंद कर ते," ती म्हणाली. त्याने बंद केलं.

मग ताई पलंगावर बसली आणि स्वतःला दोष न देता, पहिल्यांदाच नुसती बाबांसाठी रडली. धाकटा उठून जवळ जायला निघाला, तर तिने हात पुढे करून त्याला तिथेच थांबवलं.